बाजरीच्या भाकरीवरचे तीळ

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या महिन्याच्या गठ्ठ्यातली निम्मी पत्रं एकाच तक्रारीची निघाली. अंगावरून पांढरं जातं, वास येतो, औषध घेतलं की थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. नावं अर्थातच छापत नाही. एकीने पाकिटावर स्वतःचं नाव टाकायचं धाडस केलं नाही, थोरल्या जावेचं टाकलं. जावेला हे ठाऊक असावं अशी आशा करते.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्षभरात चार वेळा योनिमार्गाचं इन्फेक्शन झालं. पातळ, राखाडीसर पांढरं जातं आणि वास येतो. पाळीच्या दिवसांत आणि संबंधांनंतर तो जास्त येतो. खाज फारशी नाही. गोळ्या घेतल्या की महिनाभर बरं असतं. मी दोन वेळा अंघोळ करते, रोज आतून वॉशने धुते, आतले कपडे डेटॉलमध्ये भिजवते. तरी रिपोर्टमध्ये 'बॅक्टेरियल' येतं. सासूबाई म्हणतात, पांढरं जाऊन जाऊन हाडं झिजतील. इतकी स्वच्छता पाळूनही हे जंतू माझ्या अंगात आले कुठून?

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातल्या तीन शब्दांखाली मी लाल पेनाने रेघ मारली आहे : 'रोज आतून वॉशने'. त्यावर येतेच. आधी सासूबाईंचं. हाडं झिजत नाहीत. पांढरं जाणं म्हणजे धातू जाणं नव्हे, त्यातून कॅल्शियम वाहून जात नाही. कंबर दुखत असेल, थकवा असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. माझ्याकडे 'पांढरं जाऊन अशक्तपणा आला' म्हणत येणाऱ्या बायकांत पांढरं जाणं एकीकडे आणि रक्त कमी असणं दुसरीकडे, अशा दोन वेगळ्या गोष्टी पुष्कळदा एकत्र सापडतात.

आता जंतू. ते बहुतेक तुमच्यातच होते, थोड्या संख्येने, गप्प बसलेले. त्यांना गप्प बसवणारे जे होते ते कमी झाले, ही तुमची खरी भानगड आहे.

घरात विरजण लावता तसंच समजा. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत बाईच्या योनिमार्गात एक विरजण लागलेलं असतं. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तिथल्या अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. त्याचे तुकडे झाले की लॅक्टोबॅसिलस नावाचे जीवाणू ते खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ३.८ ते ४.५ एवढा राहतो, म्हणजे जवळपास ताकाइतका आंबट. या आंबटपणात बाकीच्या जंतूंना डोकं वर काढता येत नाही. आल्बर्ट डॉडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्ये हे जीवाणू पहिल्यांदा नीट वर्णन करून ठेवले. तेव्हापासून आम्हाला माहीत आहे की निरोगी योनिमार्ग निर्जंतुक नसतो, आणि तो तसा असूही नये.

विरजण बिघडलं की गार्डनेरेला, प्रिव्होटेला आणि त्यांचे सगेसोयरे शेकडो पटींनी वाढतात. तुमच्या रिपोर्टमधलं 'बॅक्टेरियल' ते हेच, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. हे जीवाणू अमाइन जातीची रसायनं सोडतात. त्यातलं ट्रायमिथिलअमाइन तर शिळ्या मासळीच्या वासामागेही असतं. म्हणून बायका 'सुकटासारखा वास' म्हणतात तेव्हा त्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर बोलत असतात. ही अमाइन्स आम्लात दबून राहतात, अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, मोकळी होऊन हवेत उडतात. पाळीचं रक्त आणि वीर्य दोन्ही अल्कलीकडे झुकणारं. तुमचा वास नेमका त्याच वेळी का वाढतो, ते एवढ्यावरून कळेल.

आणि साबणही अल्कलीच. तुम्ही वास घालवायला धुता, त्यात उरलेलं आम्ल आणि उरलेले लॅक्टोबॅसिलस धुऊन जातात, वास वाढतो, तुम्ही अजून धुता. शाळेत हे मुलांना सांगायचं असतं तर तुम्ही फळ्यावर गोल काढून बाण दाखवले असते. 'पीएच संतुलित' लिहिलेल्या महागड्या बाटलीलाही आत काही काम नाही. बाहेरून साधं पाणी, हाताने, दिवसातून एकदा. आत काहीही नाही. फिटकरीचं पाणी नको, लिंबू नको, डेटॉल तर नकोच नको. कपडे डेटॉलमध्ये भिजवल्याने काही साधत नाही, ते साध्या साबणाने धुऊन नीट खळबळून घ्या.

तुमच्या 'आले कुठून' या प्रश्नाने डॉक्टरांनाही पुष्कळ छळलं आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या गार्डनर आणि ड्यूक्स या दोघांनी या स्रावातून एक जंतू वेगळा काढला आणि हाच गुन्हेगार असं जाहीर केलं. पुढे १९८० मध्ये त्याला गार्डनेरेला हे नाव मिळालं, ते त्यातल्या पहिल्याचं. त्यांनी निरोगी स्वयंसेविकांच्या योनिमार्गात तो जंतू शुद्ध स्वरूपात सोडून पाहिला (आज असल्या प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये). १३ जणींपैकी फक्त एकीला त्रास झाला. मग आजारी बाईचा स्रावच जसाच्या तसा १५ जणींना लावला, तर ११ जणींना झाला. एकटा गार्डनेरेला पुरत नाही, सगळी टोळी लागते. ही टोळी अस्तरावर एक बुळबुळीत थर धरून बसते, पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर शेवाळ बसतं तसा. गोळ्यांनी वरचा थर निघतो, खालचा थोडासा उरतो, आणि तोच महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पसरतो. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना हे परत होतं. तेव्हा चार वेळा झालं यात तुमचा कसलाही हलगर्जीपणा नाही.

एक जुनी गोष्ट सांगते, माझ्याच चुकीची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी नवीन होते. डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी एक बाई यायची. 'खाली वास येतो' म्हणाली. मी मनात म्हटलं, दिवसभर बांगडे विकते, वास येणारच. वर तिला बुरशीची योनीत ठेवायची गोळी दिली, कारण त्या काळी पांढरं जातं म्हटलं की माझा हात आपोआप तिकडेच जायचा. पंधरा दिवसांनी परत आली. मी पुन्हा तेच दिलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा टेबलावर हात टेकून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, ह्यो वास माझ्या पाटीतला न्हाय. पाटी धुतली का जातो. ह्यो न्हाय जात."

मला लाज वाटली. शेजारच्या खोलीत मलेरियाच्या स्लाइडी बघणारा तंत्रज्ञ बसायचा, त्याचा मायक्रोस्कोप दहा मिनिटं मागून घेतला. कापसाच्या काडीवर स्राव घेतला. एका काचेवर सलाईनच्या थेंबात कालवला, दुसऱ्या काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. हा अल्कलीचा थेंब पडताच वास असा उसळला की तंत्रज्ञाने खिडकी उघडली. बाईने मान हलवली : "ह्योच." मग पहिली काच भिंगाखाली घेतली. निरोगी बाईच्या अस्तराची पेशी साध्या भाकरीसारखी दिसते, मोठी, चपटी, कड स्वच्छ. इथे प्रत्येक पेशी भोगीच्या बाजरीच्या भाकरीसारखी होती. तीळ इतके गच्च की भाकरीची कडच दिसेना. ते तीळ म्हणजे पेशीला चिकटलेले जंतू. पुस्तकात 'क्लू सेल' वाचलं होतं, पाहिली तेव्हा पहिल्यांदा. तिला योग्य गोळ्या दिल्या. आठवड्याने ती आली, ती कोलंबीचा वाटा घेऊन.

तुमच्या बाबतीत चार वेळा गोळ्या झाल्या, पण काच एकदा तरी कोणी पाहिली का, ते पत्रातून कळत नाही. निदानाची रीत १९८३ पासून ठरलेली आहे. पातळ एकसारखा स्राव, पीएच ४.५ च्या वर, अल्कलीच्या थेंबाने वास आणि तीळ लागलेल्या पेशी, या चारपैकी तीन हव्यात. पीएचची पट्टी, दोन काचा आणि एक मायक्रोस्कोप, एवढंच लागतं. तिथे सोनोग्राफीचं काही काम नाही.

निदान पक्कं असेल तर मेट्रोनिडॅझोल पूर्ण सात दिवस. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून सोडायचं नाही. तोंडाला धातूची चव येईल, जेवण गोड लागणार नाही, ते सोसायचं. त्या आठवड्यात दारू टाळायची, घरात कोणाच्या लग्नाचा बार असला तरी. इतक्या वेळा उलटतंय म्हटल्यावर त्यानंतर आठवड्यातून दोनदा त्याच औषधाचं योनीत लावायचं जेल चार ते सहा महिने चालवावं लागू शकतं. हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. तांबी बसवलेली असेल तर तेही त्यांना सांगा, कारण तांबी असलेल्यांत हा त्रास थोडा जास्त दिसतो.

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातले. आई-वडील ऊसतोडीला जातात. आई ३८ वर्षांची आहे. तिला सारखं पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं. डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन करायचं घरात चाललं आहे. पिशवी काढल्यावर पांढरं जायचं थांबेल का?

उत्तर : नाही. पोरी, हे पत्र आईला वाचून दाखव, आणि वडिलांनाही.

विरजण जिथे बिघडतं तो योनिमार्ग, आणि पिशवी त्याच्या वर. दुधाला नासवणारं भांडं खालच्या फळीवर असताना वरच्या फळीवरचा डबा फेकून काय होणार? पिशवी काढलेल्या बायकांनाही हा जंतूंचा त्रास होतो. शिवाय पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एका रात्रीत थांबतं, त्याबरोबर लॅक्टोबॅसिलसही उपाशी मरतात, आणि हाडं ठिसूळ होतात ते वेगळंच. सासूबाईंची जी भीती वर खोटी म्हटली, ती इथे खरी होते.

तुझ्या जिल्ह्याची गोष्ट तुला ठाऊक असेल. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा पाहिलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत एक. त्यातल्या कित्येकींची सुरुवात तुझ्या आईच्याच तक्रारीने झाली असणार. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत खाडा केला तर पैसे कापले जातात, आणि दवाखान्यात एकदाच जायला मिळतं, म्हणून 'एकदाचं काढून टाका' हे सोयीचं वाटतं. ज्याला ते सोयीचं वाटतं तो माणूस दर वेळी बाईच असतो असं नाही.

आईला घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. तिथे 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली असते, तपासणी आणि औषध फुकट. नावामुळे बिचकू नका. योनिमार्गाच्या तक्रारींसाठीही ती आहे. आईच्या ओटीपोटात दुखतं हे मात्र मी नुसतं विरजणावर सोडणार नाही. ताप असेल, संबंधांच्या वेळी आत दुखत असेल, तर जंतू वर पिशवी-नळ्यांपर्यंत गेलेले असू शकतात. त्याला वेगळी आणि जास्त दिवसांची औषधं लागतात. कॅन्सरची भीती घालणाऱ्यांना एक विचार : गर्भाशयमुखाची तपासणी केली का, तिचा कागद कुठे आहे? कागद नसेल तर ऑपरेशनला हो म्हणू नका.

मी शिकत होते तेव्हाच डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघालं, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आमच्या वर्गात हा आकडा ऐकून कोणी तरी 'छपाईची चूक असेल' म्हणालं होतं.

प्रश्न : माझ्या पत्नीला वारंवार असं इन्फेक्शन होतं. या वेळी डॉक्टरांनी मलाही गोळ्या आणि क्रीम दिलं. मला काहीच त्रास नाही. मग मी का घ्यायचं? आणि हे बाहेरून आलेलं आहे का? स्पष्ट सांगावं. (वय ४१, नाशिक)

उत्तर : स्पष्ट सांगते. गोळ्या घ्या.

ही टोळी पुरुषाच्या लिंगाच्या कातडीवर, मुख्यतः पुढच्या त्वचेखाली, आणि मूत्रनलिकेच्या तोंडाशी राहू शकते. तिथे ती पुरुषाला काही करत नाही, म्हणून तुम्हाला पत्ता नसतो. पूर्वी नवऱ्यांना नुसत्या गोळ्या देऊन पाहिलं, बायकांना काही फरक पडला नाही, म्हणून मीही कित्येक वर्षं 'नवऱ्याला औषधाची गरज नाही' असंच सांगत आले. मग २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. एकमेकांशीच संबंध ठेवणारी १६४ जोडपी घेतली. निम्म्या जोडप्यांत पुरुषालाही मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगाला लावायला क्लिंडामायसिन क्रीम, दोन्ही दिवसातून दोनदा, सात दिवस. बारा आठवड्यांत ज्यांच्या नवऱ्यांनी औषध घेतलं त्या बायकांपैकी ३५ टक्के जणींना त्रास उलटला, ज्यांच्या नवऱ्यांनी घेतलं नाही त्यांच्यापैकी ६३ टक्के जणींना. फरक इतका ठळक होता की अभ्यास वेळेआधी थांबवला. तुमचे डॉक्टर वाचणारे आहेत, त्यांना सोडू नका. गोळी आणि क्रीम दोन्ही हवं, आणि त्या आठवड्यात संबंध नकोत.

'बाहेरून आलं का' या शब्दांत तुम्हाला काय विचारायचं आहे ते मला कळलं. या आजाराचा संबंधांशी संबंध आहे, हे खरं. पण वर्षानुवर्षं फक्त एकमेकांबरोबर असलेल्या जोडप्यांतही तो होतो आणि उलटतो, त्या अभ्यासात तीच जोडपी तर घेतली होती. तेव्हा या रिपोर्टवरून पत्नीच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. आणि तसा प्रश्न विचारायचाच झाला, तर टोळी तुमच्याही अंगावर आहे, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, पुण्यात होस्टेलवर राहते. मला रोज थोडं पांढरं जातं. काळ्या निकरवर फिकट डाग पडतात, कपड्याचा रंगच उडतो. रूममेटने मोबाइलवर वाचून सांगितलं की आतून दही लावायचं. मेडिकलवाल्याने चार गोळ्यांचं पाकीट दिलं आहे, अजून घेतलेलं नाही. लग्न झालेलं नसताना डॉक्टरकडे गेलं तर ते आतून तपासतील ना?

उत्तर : पाकीट घेऊ नकोस, दही खा, आणि निकर नवी घेतलीस तरी तिचाही रंग उडेल.

तो डाग तुझ्या विरजणाचं प्रशस्तिपत्र आहे. स्राव आंबट असल्यामुळे काळा रंग उडतो. पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरणारं, पाळीच्या आधी घट्टसर पांढरं, वाळल्यावर पिवळट, हे सगळं नेहमीचं. घाण वास, भयंकर खाज, जळजळ, हिरवट रंग किंवा मधेच रक्त, यातलं काही असेल तरच ती तक्रार.

दह्यातले जीवाणू वेगळे आणि योनिमार्गात नांदणारे वेगळे. तिथली सगळ्यात भरवशाची जात म्हणजे लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस, ती चितळ्यांच्या किंवा तुझ्या आजीच्या कोणाच्याच दह्यात मिळत नाही. या क्रिस्पेटसची पावडर योनीत सोडून अमेरिकेत पाहिलं आहे. २०२० मध्ये निकाल आला : मेट्रोनिडॅझोलनंतर ती वापरलेल्यांत बारा आठवड्यांत ३० टक्के जणींना त्रास उलटला, नुसती खोटी पावडर मिळालेल्यांत ४५ टक्के. चांगलं आहे, पण अजून ते संशोधनातलं औषध आहे. बाजारात 'महिलांसाठी प्रोबायोटिक' म्हणून ज्या कॅप्सूल विकतात त्या म्हणजे ते नव्हे.

मेडिकलवाल्याच्या पाकिटाचं थोडं सांगते, कारण त्याने माझं डोकं फिरतं. त्यात एक गोळी बुरशीची, एक ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, दोन सेक्निडॅझोल. बुरशी असेल तर पहिली उपयोगी, जीवाणूंची टोळी असेल तर शेवटच्या दोन. म्हणजे न बघता चारी दिशांना दगड मारायचे. जिथे मायक्रोस्कोप नाही तिथे लक्षणांवरून औषध द्यायची सरकारी पद्धत आहे, हिरव्या रंगाचं किट असतं, तेही बाई समोर बसवून, विचारपूस करून देतात. काउंटरवरून पुडी सरकवणं ही ती पद्धत नाही. आणि तुला तर काही झालेलंच नाही. नको असलेल्या अँटिबायोटिकने लॅक्टोबॅसिलस मरतात आणि मग खरोखरची बुरशी येते. ती ओळखायची खूण : नासलेल्या दुधाच्या गाठींसारखं जातं, वास नसतो आणि खाज झोपू देत नाही.

तपासणीची भीती साहजिक आहे. तुझी परवानगी नसेल तर कोणी आतून तपासू शकत नाही, हे तोंडाने म्हणायचं. गरज पडलीच तर बारीक कापसाच्या काडीवर स्राव घेता येतो, उपकरण घालायची गरज नसते. होस्टेलमध्ये आतले कपडे टॉवेलखाली लपवून वाळत घालतेस का? घालत असशील तर दोरीवर उघडे घाल. ओलसर कपडा बुरशीला आवडतो.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. तपासणीत बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघालं, वास येतो. सासरचे म्हणतात दिवस गेले असताना गोळ्या नकोत.

उत्तर : तक्रार आहे, निदान झालं आहे, तर औषध घ्या. मेट्रोनिडॅझोल गरोदरपणात वापरतात, पुष्कळ वर्षं वापरतात. हा त्रास आणि दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं यांचा संबंध दिसलेला आहे, म्हणून तो अंगावर काढू नये. एकदम पाणी गेल्यासारखं वाटलं, कपडा चिंब झाला, तर ते 'पांढरं' धरून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : वय ५८. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. आता आग होते, कोरडं वाटतं, लघवीलाही जळजळतं. मुलीने बुरशीचं क्रीम आणून दिलं, गुण नाही.

उत्तर : इस्ट्रोजेन गेलं, ग्लायकोजेन गेलं, लॅक्टोबॅसिलस गेले. अस्तर पातळ झालं. जंतूंवरची औषधं इथे उपयोगाची नाहीत. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, थोड्या प्रमाणात, ते डॉक्टरांना विचारा. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर आधी सांगा. एक थेंब जरी रक्त दिसलं, तर क्रीम बाजूला ठेवून आधी तपासणी.

प्रश्न : सोबत रिपोर्ट पाठवते. स्लाइडचा 'नुजेंट स्कोअर २' आहे. कल्चरमध्ये 'ई. कोलाय' वाढला म्हणून पाच दिवस इंजेक्शनं घेतली. पांढरं अजून जातंच. वास, खाज काही नाही. (कोल्हापूर)

उत्तर : नुजेंट स्कोअर ० ते १० असतो. काचेवर कोणत्या आकाराचे जंतू किती दिसतात ते मोजून काढतात. ७ पासून पुढे आजार, ३ पर्यंत उत्तम. तुमचा २. विरजण झकास लागलं आहे.

ई. कोलाय आतड्यात राहतो. तिथून योनिमार्गाचं अंतर तुम्हाला माहीत आहे. निरोगी बायकांतही तो काडीवर येतो. काचेवर सगळं नीट असताना कल्चरच्या बशीत काहीतरी उगवलं म्हणून इंजेक्शनं टोचायची नसतात. गार्डनेरेला उगवला असता तरी तेच म्हणाले असते, कारण तोही कित्येक निरोगी बायकांत सापडतो. २०११ मध्ये अमेरिकेत कसलीही तक्रार नसलेल्या ३९६ बायकांचे जीवाणू मोजले, तेव्हा चौघींत एकीच्या अंगात लॅक्टोबॅसिलसचं राज्य नव्हतंच, आणि त्या मजेत होत्या.

तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं. इंजेक्शनांनंतर आता खाज सुटली तर ती बुरशी समजा आणि दाखवून घ्या. रिपोर्टच्या मागच्या बाजूला पेनाने 'पुढील वेळी पिशवीची सोनोग्राफी' असं कोणीतरी लिहिलं आहे. ती कशासाठी, ते लिहिणाऱ्याला विचारा, आणि उत्तर काय मिळालं ते मला कळवा.